पंधराव्या घरातला फरक

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. आज बैठकीत संचालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की जुनं यंत्र फेब्रुवारीअखेर बंद होणार, एक मार्चपासून सगळं काम नव्या यंत्रावर, आणि काही बिनसलं तर उत्तर मी द्यायचं. उद्या कुणी विचारलंच, तर हाताशी काहीतरी असावं.

संचालकांना येऊन दीड वर्ष झालं. आधी ते विमानतळावरच्या सामानाचं खातं सांभाळायचे. तिथे म्हणे त्यांच्या काळात एकही पेटी हरवली नाही. आमच्याकडे पेट्या नसतात, मूत्रपिंडं असतात, हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

एखाद्या इस्पितळात कुणी दगावलं आणि घरच्यांनी होकार दिला, की एक मूत्रपिंड त्या इस्पितळाच्या स्वतःच्या रुग्णाला जातं आणि दुसरं आमच्या सामायिक यादीला. त्या यादीत कोण वर आणि कोण खाली, हे माझा प्रोग्रॅम ठरवतो. बावीस वर्षांपूर्वी मी तो एकट्याने लिहिला. जुळणीचे गुण, वयाचे गुण, आणि थांबून काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे ०.१ गुण. बेरीज ज्याची जास्त तो वर. बेरीज सारखी आली तर ज्याची नोंदणी आधीची तो वर. बावीस वर्षांत एक तक्रार नाही. डॉक्टर भांडले, नातेवाईक भांडले, पण यादीवर कुणी बोट ठेवलं नाही.

माझ्या निवृत्तीला दहा महिने उरलेत. जाता जाता हे लचांड.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टाचणी सकाळीच कागद घेऊन टेबलाशी उभी. हे नाव मीच ठेवलंय तिला, सहा वर्षांपूर्वी. मुलाखतीत ती मला उत्तरं देण्याऐवजी प्रश्न विचारत होती, तेव्हा. चाचणी विभाग म्हणजे आता ती एकटीच. घरी दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि तरी सकाळी माझ्या आधी हजर. तिला इथे मी आणलं, काम मी शिकवलं. हे सगळ्यांना माहीत आहे.

"सर, सहाशे अकरा जणांचे गुण जुळत नाहीत."

"तीन हजार नऊशे बारांपैकी?"

"हो. जुन्यावर एक आकडा, नव्यावर दुसरा."

"फरक कितीचा?"

"दशांशचिन्हापुढच्या पंधराव्या घरात. काहींचा सोळाव्या."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग तिला खुर्चीवर बसवून समजावलं. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की तीन-तीन-तीन संपत नाहीत, तसंच एक दशांश यंत्राच्या दोनाच्या भाषेत कधी पूर्ण मावत नाही. कुठेतरी शेपूट कापावं लागतं. जुनं यंत्र बेरीज चालू असताना ऐंशी बिटांची लांब जागा वापरतं आणि शेवटी एकदाच कापून चौसष्टात बसवतं. नव्याच्या हातात पहिल्यापासून चौसष्टच, ते प्रत्येक पायरीला कापतं. नाव तेच, प्रकार तोच, प्रोग्रॅमची ओळ तीच, पण यंत्र बदललं की शेपूट वेगळ्या जागी कापलं जातं.

"मी करून बघितलं," ती म्हणाली. "एक दशांश दहा वेळा मिळवलं. जुन्यावर एक येतो. नव्यावर शून्य पूर्णांक आणि पुढे सोळा नऊ."

"मग? व्यवहारात तो एकच."

"माणसाला एकच, सर. यंत्र दोन आकड्यांची तुलना करतं तेव्हा त्याला तो एकापेक्षा लहान."

मी म्हटलं, बघू. जेवायची वेळ झाली होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संचालक रोज विचारतात, "किती टक्के झालं?" त्यांच्या भिंतीवर एक तक्ता आहे आणि माझी पट्टी त्यात लाल आहे. बाकी सगळ्यांच्या हिरव्या. ज्या विभागाने फक्त खुर्च्या बदलल्या, त्याचीसुद्धा हिरवी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणीशी आज जरा खडाजंगी झाली. तिचं म्हणणं, दोन्ही यंत्रांवरचे आकडे शेवटच्या घरापर्यंत जुळले पाहिजेत, नाहीतर बेरजेची पद्धतच बदलायला हवी. बेरजेची पद्धत म्हणजे माझा प्रोग्रॅम. बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेला. तो आता बारा दिवसांत उसवायचा?

मी म्हटलं, "सहा घरांपर्यंत जुळलं की जुळलं असं धर. जगात सगळे असंच करतात."

"जगात सगळे यादी नाही लावत, सर. दोघांचे गुण सारखे असले आणि एकाचं शेपूट कापलं गेलं, तर नोंदणीच्या तारखेपर्यंत प्रोग्रॅम पोचणारच नाही. तो आधीच एकाला वर टाकेल."

"असं किती वेळा होणार?"

"एकदा झालं तरी..." ती थांबली. मग म्हणाली, "सहा घरांचं मला लेखी द्याल का?"

"लेखी कशाला? मी आहे ना."

तिने मान डोलावली. अहवालाच्या शेवटी तिने एक टीप घातली होती: 'समान गुण असल्यास क्रम बदलण्याची शक्यता आहे.' ती मी काढायला सांगितली. संचालक पहिलं पान सोडून काही वाचत नाहीत, आणि चुकून ही टीप वाचली तर एक मार्च हातचा जाईल. जरा वेळ ती कागदाकडे बघत बसली. मग काढली. सही केली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणी उत्तीर्ण. ३,९१२ पैकी ३,९१२. माझी पट्टी हिरवी झाली.

१ मार्च, रविवार

नवं यंत्र सुरू. ऐनवेळी ठरलं की जुनं आणखी महिनाभर शेजारी चालू ठेवायचं, पण आज्ञा नव्याचीच. संचालक सुट्टीच्या दिवशी स्वतः आले, बटण त्यांनी दाबलं. जुन्याचा पंखा खडखडतो, नव्याचा आवाजच येत नाही. खोली एकदम रिकामी वाटली.

१२ मार्च, गुरुवार

आज मुख्य कार्यालयात सत्कार होता. एक तासही काम न थांबवता यंत्र बदलल्याबद्दल ढाल. संचालक आणि मी. बारा वाजता आमची नावं पुकारायला लागले आणि तेवढ्यात टाचणीचा फोन.

"सर, एक मूत्रपिंड आलंय. याद्या वेगळ्या निघाल्या."

मी बाजूला झालो. झालं असं की रुग्णांना फोनवरून कळवणाऱ्या आमच्या बाईने सवयीने जुन्या यंत्राच्या पडद्यावरचं पहिलं नाव बघून त्या रुग्णाला कळवून टाकलं: तुम्ही पहिले आहात, उपाशीपोटी इस्पितळात या. नंतर अधिकृत आदेश छापायला घेतला, तो नव्या यंत्रावरून. त्यात पहिलं नाव दुसरंच. एक शिक्षिका, अठ्ठावीस वर्षांची. आणि ज्यांना कळवलं ते दुसरे. पुरुष, एकावन्न वर्षांचे.

"गुण?"

"दोघांचे बारा. नव्यावर त्या गृहस्थांचे अकरा पूर्णांक नऊ-नऊ-नऊ, पंधराव्या घरात आठ. हे तेच आहे, सर."

"अधिकृत यादी कोणती?"

"नवी. पण त्यांची नोंदणी तीस महिने आधीची आहे. नियमाने ते..."

"आता माझं नाव पुकारतायत," मी म्हटलं. "अधिकृत यादीप्रमाणे जा."

 मीच फोन ठेवला.

फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत, असं संचालक म्हणाले. दुसरा काढला.

१४ मार्च, शनिवार

नीट विचार केला. मी चुकीचं काय सांगितलं? दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवायला लागली तर ठरवून दिलेल्या घड्याळाप्रमाणे गाडी सोडतात. प्रत्येक जण आपल्याला खरी वाटेल ती वेळ धरायला लागला तर गाड्या एकमेकींवर आदळतील. टाचणी हुशार आहे, पण तिने कधी गाडी सोडलेली नाही.

शिक्षिकेची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली.

ते दुसरे गृहस्थ सव्वासहा तास इस्पितळात थांबले. अंगावर इस्पितळाचा झगा होता. मग त्यांना कपडे परत दिले. हे मला फोनवरच्या बाईने सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

१९ मार्च, गुरुवार

त्यांची नोंद उघडून बघितली. शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पन्नास महिने. महिन्याला एक दशांश, पन्नास वेळा मिळवलं की नव्या यंत्रावर पाच होत नाहीत, ४.९९९९९९९९९९९९९९८ होतात. त्यात जुळणीचे आणि वयाचे मिळून सात. शिक्षिकेचे वीस महिने, त्यांचे दोनाच्या वर तिळाएवढे जास्त, पण त्यात दहा मिळवले की ते जास्तीचं शेपूट गळून पडतं आणि नेमके बारा उरतात. जे जास्त थांबले, त्यांच्या गुणांतून यंत्राने जास्त वेळा कापलं.

हे सगळं कागदावर उतरवलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दुपारी टाचणी समोरून गेली, कागद खिशातच राहिला. 

२ एप्रिल, गुरुवार

सकाळची यादी उघडली तर एकूण एकाने कमी. शिवणयंत्रवाल्या गृहस्थांच्या नावासमोर 'निधन'. डायलिसिसच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, तीन दिवस ताप, मग संपलं. खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. यादीचं तसंच असतं.

टाचणी प्रसाधनगृहातून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला वाटलं तिच्या सासूबाईंचं काही.

८ एप्रिल, बुधवार

त्या गृहस्थांच्या बायकोचा अर्ज आला आहे. अर्ज कसला, वहीतल्या पानावर चार ओळी. 'माझ्या नवऱ्याला पहिला नंबर आहे म्हणून बोलावलं आणि परत पाठवलं. पहिला नंबर कुठे गेला ते कळावं.' त्यासोबत फोनवरच्या संदेशाचा फोटो.

संचालकांच्या पाचावर धारण बसली. दार लावून मला म्हणाले, "हे यंत्राचं आहे की माणसाचं?"

"म्हणजे?"

"यंत्राचं असेल तर ढाल परत द्यावी लागेल. आणि बाकीच्या जवळपास चार हजारांचे वकील उद्या दारात येतील. माणसाचं असेल तर ते एका माणसापुरतं."

ते मूर्ख आहेत असं मी इतके दिवस समजत होतो. ते मूर्ख नाहीत.

१५ एप्रिल, बुधवार

चौकशी झाली. तीन जणांची समिती, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. टाचणी माझ्या समोरच्या बाजूला. जे घडलं ते शब्दशः लिहून ठेवतो.

विचारलं, "गुण सारखे असल्यास क्रम बदलू शकतो, याचा चाचणी अहवालात उल्लेख आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

विचारलं, "किती घरांपर्यंत आकडे जुळवायचे हे कोण ठरवतं?"

मी म्हटलं, "कामांच्या विभागणीप्रमाणे चाचणी विभाग."

विचारलं, "१२ मार्चला तुम्ही फोनवर काय सांगितलंत?"

मी म्हटलं, "अधिकृत यादीप्रमाणे जा. तसाच नियम आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही.

मग तिला विचारलं की सहा घरांची सूट तिने कुणाच्या सांगण्यावरून दिली. ती म्हणाली, "सरांच्या. मी लेखी मागितलं होतं."

"मिळालं?"

"नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "यांनी लेखी मागितलं होतं का?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

हे मात्र खरं नव्हतं. पण इथे लिहिलं आहे, म्हणजे मी लपवलं असं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. एखाद्या आकड्याकडे बघतो तसं बघितलं. तो जुळतो का ते.

१६ एप्रिल, गुरुवार

टाचणीला निलंबित केलं. तीन महिने, नंतर बघू. सगळ्यांना माहीत आहे, नंतर कुणी काही बघत नाही.

घरी सांगितलं. बायको तिसरीच्या वर्गाला गणित शिकवते. वह्या तपासत होती, लाल पेन खाली ठेवलं.

"तिला काढलं? आणि तुम्हाला?"

"मला कशाला काढतील?"

"मला एकदा नीट सांगा, झालं काय."

मी सांगितलं. दोनाची भाषा, शेपूट, ऐंशी बिट, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"महिन्याला एक दशांश कशाला? महिने तर पूर्ण असतात. पन्नास महिने म्हणजे पन्नास. सगळे गुण दहापट धरायचे. पन्नास आणि सत्तर, एकशेवीस. पूर्ण आकड्याला कुठलं आलंय शेपूट?"

मी म्हटलं, "ते इतकं सोपं नसतं."

"का नसतं?"

मला राग आला. बावीस वर्षं ज्याने हे चालवलं त्याला तिसरीचं गणित शिकवतेय. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली शेजारी गाडी धूत होता. बादलीभर पाणी एकदम टाकायचा, मग कपड्याने पुसायचा. खूप वेळ बघत होतो.

ते इतकं सोपं नसतं असं नाही. ते इतकंच सोपं आहे.

२७ एप्रिल, सोमवार

दुपारी पूर्ण आकड्यांत लिहून काढलं. अकरा ओळी बदलल्या. जुन्या यंत्रावर चालवलं, नव्यावर चालवलं, बायकोच्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालवलं. तिन्ही याद्या एकसारख्या. दुकानदार अजूनही नोंदीत असते तर तिन्हीकडे तेच पहिले आले असते.

इथे थांबायला हवं होतं. पण बावीस वर्षांच्या सगळ्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि मनात आलं की निदान आपलं जुनं यंत्र तरी कसं चोख होतं ते सिद्ध करू. सगळ्या याद्या नव्या अकरा ओळींतून काढल्या.

सात ठिकाणी क्रम वेगळा आला.

जुन्या यंत्रावर. माझ्या. शेपूट त्याचंही कापलं जायचं, फक्त क्वचित. सात वेळा गुण सारखे होते आणि नोंदणीची तारीख कुणी विचारलीच नाही. नोंदी बघितल्या. मागे सारलेल्या सातांपैकी चार त्याच वर्षात गेले. उरलेल्या तिघांचं पुढे काय झालं ते बघितलं नाही. यंत्र बंद केलं.

म्हणजे टाचणीच्या चाचणीचा प्रश्न उरतच नाही. चूक चाचणीच्या बावीस वर्षं आधीची आहे. हे समितीला एका पानात सांगता येईल.

२९ एप्रिल, बुधवार

ते पान लिहिलं. चांगलं झालंय, मुद्देसूद. शुद्धलेखन दोनदा तपासलं. एक-दोन दिवस राहू दे, मग परत वाचतो.

५ मे, मंगळवार

टाचणी तिच्या वस्तू न्यायला आली होती. एक पेला, मुलांनी काढलेलं चित्र, चपलांचा जुना जोड. माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद ठेवला. तिने घरी बसून तेच केलं होतं, दहापट आणि पूर्ण आकडे. हातानेच, सुबक अक्षरात.

"सर, चूक माझ्या सहा घरांची नव्हतीच. मूळ बेरजेची होती."

"हं."

"मी हे समितीकडे नेलं तर म्हणतील, स्वतःची मान सोडवायला आली. तुम्ही नेलंत तर ऐकतील."

मी म्हटलं, "बघतो."

"जुन्या याद्याही तपासायला हव्यात," ती म्हणाली. "मला वाटतं तिथेही असतील."

"असतीलही."

"तुम्ही तपासल्यात का?"

मी म्हटलं, "अजून नाही."

तिने पेला पिशवीत घातला. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "नोकरीचं जाऊ दे सर. त्या बाईंना तरी कळायला हवं."

ही मुलगी आधी मला घाबरायची. मला आवडायचं ते.

९ मे, शनिवार

आज बायको दुपारभर बाहेर होती. कुठे ते सांगितलं नाही, पण बसचं तिकीट ताटाशेजारी पडलं होतं. टाचणीच्या भागातलं. मी विचारलं नाही. तिनेही वाढताना काही विचारलं नाही. हल्ली ती मला काहीच विचारत नाही, त्यामुळे घरात शांतता असते.

१२ मे, मंगळवार

संचालकांना शेवटी सांगितलं. सगळं नाही. एवढंच की पूर्ण आकड्यांची पद्धत जास्त सुरक्षित आहे, ती आजच बसवता येईल. ते खूश झाले. "म्हणजे सुधारणा," म्हणाले. तक्त्यावर नवी पट्टी आली, लगेच हिरवी.

मग मी म्हटलं, "जुन्या याद्यांचं..."

"त्यांचं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं की त्यांना काहीतरी कळलंय, आणि नेमकं काय ते त्यांना अजिबात ऐकायचं नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "त्या जुन्या यंत्रावर आहेत."

"ते तर भंगारात जातंय." त्यांनी खणातून छापील अर्ज काढला. यंत्र आणि त्यावरचा सर्व मजकूर नष्ट करण्यास हरकत नाही. खाली माझ्या नावाची जागा. "तुमचं पोर आहे, तुम्हीच निरोप द्या. आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून राहाल ना? मी वर बोललोय."

मी अर्ज वाचून काढला. दोन्ही बाजू. मग सही केली.

त्या सात जणांची नावं मला पाठ आहेत. ती इथे लिहिणार होतो. पण ही वही कुणाच्या हाती पडली तर त्यांच्या घरच्यांना उगाच त्रास.

१४ मे, गुरुवार

शिक्षिकेचं आभाराचं पत्र आलं आहे. ती परत शाळेत जायला लागली, वर्गातल्या मुलांनी फळ्यावर फुलं काढली वगैरे. संचालकांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि फलकावर लावलं. तिची काहीच चूक नाही. दोन माणसं ते पत्र वाचताना रडली. आपण इथे चांगलं काम करतो, हे असं कधीतरी समोर यायला हवं.

१९ मे, मंगळवार

मी लिहिलेलं पान आज परत वाचलं. आता त्यात पुरावा म्हणून दाखवायला काही उरलेलं नाही, तेव्हा पाठवून उपयोग नाही. फाडलं. टाचणीचा कागद फाडला नाही. तो तिचा आहे.

२२ मे, शुक्रवार

आज त्या गृहस्थांची बायको आली. अर्जाचं उत्तर तिला मिळालं होतं: 'तांत्रिक विसंगतीमुळे चुकीचा संदेश गेला, संबंधितांवर कारवाई केली आहे.' ते हातात घेऊन आली. संचालक बाहेर गेलेले, म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं.

पन्नाशीची बाई. बोटांना यंत्राच्या तेलाचे काळे डाग. दुकान आता तीच चालवते म्हणाली. सुटे भाग ओळखता येतात, दुरुस्ती शिकतेय.

"मला भांडायचं नाही," ती म्हणाली. "विसंगती म्हणजे काय ते मला कळत नाही. एवढंच सांगा, ते पहिले होते की नव्हते?"

समोर मी होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. टाचणीचा कागद खणात होता, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

मी म्हटलं, "नाही. ते दुसरे होते. पहिले म्हणून जो संदेश गेला तो चुकून गेला."

"नक्की?"

"नक्की."

ती खुर्चीत मागे टेकली. मी पाणी दिलं, ते ती प्यायली.

"म्हणजे त्यांचं कुणी घेतलं नाही."

"नाही."

"घरी आल्यापासून ते हेच म्हणत होते. माझं होतं ते दुसऱ्याला दिलं. सारखं तेच. मी म्हणायचे, अहो, असं कुणी करत नाही, तिथे शिकलेली माणसं बसलेली असतात. ताप चढला तेव्हासुद्धा तेच. शेवटच्या दिवशी मी चिडले. म्हटलं, पुरे झालं आता, डोकं फिरलंय तुमचं. त्यानंतर ते बोललेच नाहीत." तिने उत्तराच्या कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली. "ते गेल्यावर मला राहवेना. वाटायचं, त्यांचंच खरं असलं तर? मी त्यांना खोटं पाडलं असलं तर? म्हणून आले विचारायला."

मी तिचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. चेहरा मोकळा झाला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. टाचणीला काय कळणार, एखाद्याला काय सांगितलं की त्याला रात्री झोप लागेल.

ती उठली. दाराशी थांबली.

"म्हणजे शेवटी त्यांचं डोकंच चालत नव्हतं."

मी मान डोलावली. मग टेबल आवरलं आणि घरी आलो.